‘खु’ नावाची खेळाडू

१. अख्खा संघ गायब

मंगळवारी सकाळी पळसोंडी खुर्दचा मुलींचा अख्खा खो-खो संघ गायब झाला. तशा मुली जागच्या जागीच होत्या. एक शेळ्या सोडायला गेली होती, दोघी भाकरी थापत होत्या आणि कर्णधार आरोही दारात उभी राहून दात घासत होती. पण तालुका खो-खो समितीच्या वेबसाइटवर काल रात्रीपर्यंत जिथे त्यांच्या गावाचं नाव यायला हवं होतं, तिथे ते नव्हतं. आणि हल्ली माणूस दारात उभा असला तरी वेबसाइटवर नसेल तर तो नाहीच, असं धरून चालतात.

ही बातमी पद्माबाई कावरख्यांपर्यंत पोचली तेव्हा त्या अंगणात उन्हाला बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होत्या. पद्माबाई म्हणजे शाळेतल्या मराठीच्या निवृत्त बाई. पळसोंडी बुद्रुक आणि पळसोंडी खुर्द ही सेनगाव तालुक्यातली दोन गावं एकाच ओढ्याच्या दोन काठांवर वसलेली. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान. शाळा मात्र दोघांत एकच, ओढ्याकाठी, आणि शाळेला लागून बाईंचं घर. दोन्ही गावांतल्या पन्नाशीच्या आतल्या एकूण एक माणसाचं शुद्धलेखन बाईंनी तपासलेलं होतं. कोण ऱ्हस्व वेलांटीला घाबरतो, कोण जोडाक्षर टाळून पळतो, सगळं त्यांना तोंडपाठ. मागे कुणीतरी पाण्याच्या टाकीवर रात्रीतून सरपंचाला शिव्या लिहिल्या, तेव्हा बाईंनी खालून नुसत्या वेलांट्या बघून माणूस सांगितला होता. त्यानेही लगेच कबूल केलं, कारण बाईंनी त्याला शिव्यांबद्दल काहीच न बोलता वेलांट्यांबद्दल झापलं होतं.

तेव्हापासून गावात काही हरवलं की लोक आधी बाईंकडे येत.

आज आली ती राजनंदिनी. बुद्रुकची पोरगी, नांदेडला इंजिनिअरिंग शिकून आता घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी. समितीची वेबसाइट तिनेच, हौसेने, फुकट करून दिली होती. स्कूटी धड उभी न करताच ती अंगणात शिरली.

"बाई, मी चोर नाही," ती म्हणाली.

"आधी बस," बाई म्हणाल्या. "शेंगा घे. चोर असतीस तर चोरलेलं काहीतरी दाखव म्हटलं असतं."

राजनंदिनी बसली. डोळे पुसून तिने सगळं सांगितलं. आज संध्याकाळी सहा वाजता समितीचा संगणक आपोआप संघांची यादी उचलणार आणि कुणाचा सामना कुणाशी ते ठरवणार. त्या यादीत खुर्द नव्हतं. खुर्दचे सरपंच उत्तमराव सकाळपासून दोन्ही गावांना ऐकू जाईल अशा आवाजात एकच वाक्य बोलत होते : बुद्रुकच्या पोरीनं खुर्दचा संघ खाल्ला.

"त्यात बुद्रुकचे सरपंच शेषराव माझे चुलत काका," राजनंदिनी म्हणाली. "कुणाला वाटणार नाही?"

"वाटण्याचं राहू दे. सहापर्यंत नाव नाही आलं तर काय होईल?"

"तर खुर्द यंदा बाहेर. आणि बाई, आरोहीचं वय पुढच्या वर्षी बसत नाही. तालुक्याच्या चषकाची तिची ही शेवटची संधी."

पद्माबाईंनी शेंगांची ताटली बाजूला सारली.

२. जेसन कोण?

"आता मला सांग," बाई म्हणाल्या, "हा संघ नेमका कुठून गायब झाला?"

"जेसनमधून."

"हा जेसन कोण? कनेरगाव नाक्याकडचा आहे का?"

राजनंदिनीला रडता रडता हसू आलं. "माणूस नाही, बाई. माहिती लिहून द्यायची एक पद्धत आहे. एका संगणकाने दुसऱ्याला माहिती द्यायची तर ती डब्यात डबा अशी मांडून द्यावी लागते. बाहेरच्या डब्यावर स्पर्धेचं नाव. त्याच्या आत गावांचे डबे. गावाच्या डब्यात खेळाडूंची नावं, प्रत्येक नावापुढे वय. डब्याला महिरपी कंस, नावाला अवतरणचिन्हं, दोन नावांमध्ये स्वल्पविराम."

"आणि एखादा स्वल्पविराम चुकला तर?"

"तर पलीकडचा संगणक काहीच वाचत नाही. सगळं नाकारतो."

पद्माबाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. असा कुणीतरी जगात आहे हे त्यांना इतक्या उशिरा कळलं याचं वाईटही वाटलं.

"पण ते कंस मी हातानं लिहीत नाही," राजनंदिनी पुढे म्हणाली. "त्यासाठी बिल्डर असतो. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं तयार काम. गवंडी समजा. आपण फक्त सांगायचं, या नावाचा डबा कर, त्यात हे ठेव. विटा तो रचतो. कंस, स्वल्पविराम, सगळं त्याच्याकडे."

"सांगितलेलं ऐकतो?"

"शब्दशः ऐकतो. कधी कुरकुर नाही."

"कुरकुर न करणारा गवंडी मी अजून पाहिला नाही," बाई म्हणाल्या. "बरं, खुर्दचं नाव तुझ्याकडे आलंच नसेल तर?"

"आलंय. माझ्या साठ्यात नोंद जशीच्या तशी आहे. आरोही, मिना, सगळ्या जणी. गावाचं नाव, मुलींची नावं, वयं. उत्तमरावांनी स्वतःच्या मोबाइलवरून भरलेली. पण बिल्डरने जे बांधलं त्यात गावांच्या रांगेत खुर्दचा डबा नाही. मी त्यांना दोनदा परत भरायला लावलं. परत गायब. मग मी खोटं गाव भरून पाहिलं, 'चाचणीवाडी'. ते लगेच आलं. म्हणून तर लोक म्हणतात, हिची खोटी गावं दिसतात आणि आमचं खरं गाव दिसत नाही."

"तुझ्या त्या यंत्राने चूक झाली असं काही सांगितलं?"

"एका शब्दाने नाही."

इतक्यात राजनंदिनीचा फोन वाजला. तिने ऐकलं, आणि तिचा चेहरा उतरला. उत्तमराव सेनगावच्या ठाण्यात अर्ज द्यायला निघाले होते. अर्जात तिचं नाव होतं.

"त्याला सांग, बाई येतायत," पद्माबाई उठत म्हणाल्या. "अर्ज मी तपासल्याशिवाय द्यायचा नाही म्हणावं."

३. नवे टी-शर्ट

राजनंदिनीच्या स्कूटीवर मागे बसून बाई ओढ्यावरचा फरशीपूल ओलांडून खुर्दात आल्या. पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, मैदानात मुली गोल करून बसल्या होत्या. खेळत कुणीच नव्हतं. सगळ्यांच्या अंगात नवे निळे टी-शर्ट होते, आणि नवे कपडे घालून रुसून बसलेली पोरं जितकी केविलवाणी दिसतात तितकं दुसरं काही दिसत नाही.

प्रशिक्षक वैजनाथ बाईंना पाहून उभा राहिला. तो खुर्दचाच. पण मागच्या वर्षीपर्यंत तो बुद्रुकच्या पोरींना शिकवायचा, हे कुणी विसरलं नव्हतं. काल संध्याकाळी तो शेषरावांच्या ओसरीवर चहा पिताना दिसला होता, आणि ती बातमी तर त्याच्या आधी खुर्दात पोचली होती.

"वैजनाथ, काल बुद्रुकात काहून गेला होतास?" बाईंनी सरळच विचारलं.

"बाई, बोलावलं म्हणून गेलो. एक गोष्ट इचारायची होती त्यांना." वैजनाथ जमिनीकडे बघत होता. "पर ती मी सांगणार न्हाई. शेषरावांनी लेकराची शपथ घातली. त्यांनाच इचारा."

"खुर्दचा संघ तू काढलास का?"

"मी?" वैजनाथने मान वर केली. त्याला राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. "ह्या पोरीला," त्याने आरोहीकडे बोट केलं, "आठवीपासून पळवून राहिलो. हिला मी काढीन व्हय? आन् मी मोबाइलला हात तरी लावला का इचारा. सरपंच कोणाला भरू देत न्हाईत. गावाचं नाव मीच लिहीन म्हणतेत."

बाई मुलींकडे वळल्या. आरोही उभी राहिली. पाठीवर तिच्या ठळक अक्षरांत गावाचं नाव होतं. बाईंनी चष्मा खाली ओढून वाचलं. ‘पळसोंडी’ हे वीतभर, आणि त्याला चिकटून, जेमतेम दिसेल एवढं, ‘.खु’.

पस्तीस वर्षांच्या सवयीने बाईंचा हात लाल पेनासाठी पिशवीत गेला. संक्षेपाचं टिंब अक्षराच्या मागे येतं. ‘खु’ लिहून मग टिंब. इथे टिंब आधीच येऊन बसलं होतं, आणि मागे जागाच रिकामी.

"हे असं काहून छापलं?" त्यांनी विचारलं.

"सरपंचांनी हिंगोलीच्या दुकानाला मोबाइलवर लिहून धाडलं तसंच त्यानं छापलं," आरोही म्हणाली. "खु लहान काढा म्हणाले होते. मिना म्हणती, आपल्या पाठीवर माशी बसली."

मुली हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच हसल्या असाव्यात, कारण वैजनाथने मान वळवून पाहिलं.

तेवढ्यात उत्तमराव आले. पांढरी टोपी, खिशात मोबाइल, हातात अर्ज. बाईंना पाहताच त्यांनी अर्ज पाठीमागे धरला. पाचवीत न केलेला गृहपाठ ते असाच धरायचे.

"बाई, ह्यात तुमी पडू नका," ते म्हणाले. "आमाला बुद्रुकवाल्यांनी जन्मभर लहान म्हणून हिणवलं. आज आमच्या लेकरांचं नाव पुसलं. तकलीफ होती बघा, लई तकलीफ होती."

"नाव तू बराबर लिहिलं होतंस, उत्तम?"

"तीन टाइम लिहिलं. माझ्या हातानं. गावाचं नाव म्या चुकंल व्हय?"

बाईंना एकदम पाचवीतला एक निबंध आठवला. ‘माझे गाव’. उत्तमने तीन पानं भरून लिहिलं होतं, ओढ्यातले मासे, पळसाची झाडं, सगळं, पण गावाचं पूर्ण नाव म्हणून कुठेही नव्हतं. बाईंनी त्याचा एक गुण कापला होता आणि कारण विचारलं नव्हतं.

"अर्ज दे इकडे," त्या म्हणाल्या. "सहानंतर परत माग, देईन."

उत्तमरावांनी अर्ज दिला. बाईंनी तो उघडला, आणि पहिल्याच ओळीवर त्यांची नजर अडकली. ‘रा.पळसोंडी.खु ता.सेनगाव’. सगळी टिंबं शब्दांना चिकटलेली.

"राजनंदिनी," बाई स्कूटीकडे चालत म्हणाल्या, "शेषरावाकडे चल. लवकर."

४. एक पोरगी जास्त

शेषराव ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. बाईंना पाहून त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. बुद्रुकचा सरपंच एरवी कुणासाठी झोपाळा थांबवत नसे.

"या बाई. चहा ठेवा रे," त्यांनी आत सांगितलं. "उत्तमच्या तक्रारीचंच असेल. आमचा संबंध न्हाई. आमच्या संघाची नावं आमी भरली, ती दिसून राहिली, विषय संपला."

"गावाचं नाव काय भरलंस?"

"पळसोंडी."

"बुद्रुक?"

"बुद्रुक काहून लिहायचं?" शेषरावांना खरंच नवल वाटलं. "पळसोंडी म्हंजी हीच. पलीकडं दुसरी हाय म्हणून आमी शेपूट लावावं का? ज्याला लाज वाटती त्यानं लावावं."

चहा आला. पद्माबाईंनी तो बशीत ओतला, फुंकर मारली, आणि मग सहज बोलावं तसं म्हणाल्या, "वैजनाथाला काल काय विचारलंस?"

शेषरावांची बशी तोंडापाशी थांबली. त्यांनी राजनंदिनीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"बाई, ही गोष्ट खुर्दात जाता कामा नये. हसतील."

"मी कुणाला हसवत नसते. सांग."

"आमच्या संघात एक पोरगी जास्त निघून राहिली." शेषरावांनी आवाज उतरवला. "समितीच्या माणसाचा काल फोन आला. म्हणे, तुमच्या पळसोंडीच्या यादीत ठरल्यापेक्षा एक नाव जास्त हाय, आन् तिचं वयच लिहिलेलं न्हाई. एक नाव जास्त तर संघ बाद. मी म्हणलं नाव काय, तर म्हणे, खु."

"काय?"

"खु. नुसतं खु. मला वाटलं कुण्या खुशीचं नाव अर्धं राहिलं. पर आमच्यात खुशी न्हाई. म्हणून वैजनाथला इचारलं, बाबा तुझ्या जुन्या हजेरीत खु नावाची कोणी होती का. तो म्हणे, असं नाव माणसाला ठेवतेत व्हय?"

राजनंदिनी कपाळावर आठ्या घालून ऐकत होती. "काका, हे मला कुणीच सांगितलं नाही."

"तुला काय सांगायचं? मी समितीला सांगून टाकलं. ती कोण खु हाय ती काढून टाका. सहाच्या आत काढतो म्हणाले."

बाईंनी बशी खाली ठेवली. त्यांचा आवाज शाळेतला झाला, वर्गात खडू मोडल्यावर व्हायचा तसा.

"शेषराव, तू एका पोरीला काढायला सांगितलं नाहीस. तू अख्ख्या गावाला काढायला सांगितलंस."

५. टिंबाचा अर्थ

साडेचारच्या सुमारास शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले. एका बाजूला खुर्द, एका बाजूला बुद्रुक, मध्ये टेबलावर राजनंदिनीचा लॅपटॉप. राजनंदिनीने समितीच्या माणसाला फोन करून ‘खु’ला हात न लावायला सांगितलं होतं. त्यानेही कारण न विचारता होकार दिला, कारण त्याला घरी जायचं होतं. मुली दाराशी दाटीवाटीने उभ्या होत्या. आरोही सगळ्यांत पुढे.

"आधी मी सांगते कुणी केलं नाही," पद्माबाई म्हणाल्या. "राजनंदिनीने केलं नाही. नाव पुसायचं असतं तर तिने साठ्यातून पुसलं असतं, आणि तिथे ते जसंच्या तसं आहे. वैजनाथने केलं नाही. त्याने मोबाइलला हात लावलेला नाही, हे उत्तमच सांगेल. शेषरावनेही केलं नाही. त्याला खुर्दचं नाव काढायचं असतं तर स्वतःच्या संघात एक जास्तीची पोरगी घालून तो घाबरला नसता."

"मग कोणी केलं?" उत्तमरावांनी विचारलं.

"तेच बघू. दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. इकडे एक गाव कमी झालं, तिकडे एक नाव वाढलं. माझ्या वर्गात एकाच्या वहीतून पान गेलं आणि दुसऱ्याच्या वहीत जास्तीचं पान सापडलं, तर मी दोन चोर शोधत नसे." त्या राजनंदिनीकडे वळल्या. "तुझा तो गवंडी. त्याला गावाचं नाव सांगताना मध्ये टिंब दिलं तर तो काय समजतो?"

राजनंदिनीने लॅपटॉप जवळ ओढला.

"बाई," ती हळू म्हणाली, "त्याच्या भाषेत टिंब म्हणजे, तो डबा उघड आणि आत जा."

राजनंदिनीची बोटं चालत राहिली. तिने बिल्डरने बांधलेलं सगळं पडद्यावर पसरलं, आणि या वेळी गावांच्या रांगेवरून नजर न फिरवता एकच डबा उघडला. ‘पळसोंडी’. बुद्रुकच्या मुलींची नावं एकाखाली एक आली, नावापुढे वय, नावापुढे वय. आणि शेवटी ‘खु’, ज्याच्यापुढे वय नव्हतं. त्याच्यापुढे आणखी एक कंस उघडत होता.

"आरोही," राजनंदिनीने वाचलं. "मिना. सगळ्या आहेत. एकही गेलेली नाही."

दाराशी मुलींची एकच गर्दी उसळली. शेषराव वाकून पडद्याकडे बघत होते. मग ते सरळ झाले आणि मांडीवर हात मारून हसले.

"म्हंजी खुर्द आमच्या पोटात होतं व्हय?"

"हसू नको," बाई म्हणाल्या. "तू बुद्रुक लिहिलं असतंस तर ते तुझ्या पोटात गेलं नसतं. तू नुसतं ‘पळसोंडी’ लिहिलंस, म्हणून त्या नावाचा डबा तयार होता. उत्तमने लिहिलं पळसोंडी, टिंब, खु. गवंड्याने ऐकलं, पळसोंडीचा डबा उघड, आत खु ठेव. त्याने ठेवलं. त्याला सांगितलं तेच केलं, म्हणून त्याने कुरकुर केली नाही. समितीच्या संगणकाला वाटलं, पळसोंडीच्या डब्यात आहे म्हणजे ही खेळाडूच. म्हणून एक पोरगी जास्त. उत्तमने तीन वेळा नाव भरलं आणि तीनही वेळा स्वतःच्या हाताने आपलं गाव ओढ्यापलीकडे नेऊन ठेवलं."

उत्तमराव खाली बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"टिंब मी पाहायला हवं होतं," राजनंदिनी म्हणाली. "नाव जसंच्या तसं घे, टिंब आलं तरी आत जाऊ नको, असं त्याला बजावता येतं. मी बजावलंच नाही. दुसऱ्या गावांनी बुद्रुक-खुर्द पूर्ण लिहिलं, म्हणून कधी अडलं नाही."

"ते तू आता कर," बाई म्हणाल्या. "पण एक प्रश्न राहिला. उत्तम, साऱ्या तालुक्यात तुलाच ते टिंब काहून लागतं?"

६. पूर्ण नाव

उत्तमरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, सोयरिकीला गेलो तरी लोक इचारतेत, कोणती पळसोंडी? खुर्द म्हणलं की म्हणतेत, हां, लहानी व्हय. बाजारात, दवाखान्यात, तहसीलीत. लहानी व्हय. म्हणून मी ते लपवत आलो. गाव लहान न्हाई, शब्द लहान हाय. टिंब टाकून ढकलून दिला."

बुद्रुकच्या बाजूचं कुणी हसलं नाही. शेषरावसुद्धा.

पद्माबाईंना त्या निबंधातला कापलेला गुण आठवला, आणि कारण न विचारल्याबद्दल स्वतःचाच राग आला. पण सहाला वेळ थोडा होता, आणि राग पुढेही येऊ शकत होता.

राजनंदिनीने बिल्डरला बजावून लॅपटॉप फिरवला. "काका, आता टिंबाने काही बिघडणार नाही. जसं लिहाल तसं येईल. खु लिहा की खुर्द लिहा."

उत्तमरावांचं बोट अक्षरांवर थांबलं. त्यांनी ‘पळसोंडी’ लिहिलं. बोट पुन्हा टिंबाकडे गेलं.

"सरपंच," आरोही दारातून म्हणाली, "खुर्द लिहा."

"पोरी, तुला कळत न्हाई."

"कळतं की. हरलो तर म्हणतील खुर्द हरली. जिंकलो आन् वर नुसतं पळसोंडी असलं, तर म्हणतील बुद्रुक जिंकली. चषक त्यांच्या ओसरीवर जाईल." तिने शेषरावांकडे पाहिलं. "तुमी न्याल का न्हाई काका, खरं सांगा."

शेषराव विचारात पडले. खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं. "नेऊ," ते म्हणाले.

व्हरांडाभर हशा झाला, दोन्ही बाजूंनी. उत्तमरावही हसले, आणि हसता हसता त्यांनी ते लिहिलं. मोकळी जागा सोडून, पूर्ण, रफारासकट. खुर्द. मग लॅपटॉप शेषरावांच्या पुढे सरकवला.

"आता तुमी लावा शेपूट."

शेषरावांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर दयामाया नव्हती. शेषरावांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, ‘बुद्रुक’ लिहिलं. पहिल्यांदा ‘बुद्रूक’ लिहिलं होतं, ते बाईंनी दुरुस्त करून घेतलं.

राजनंदिनीने पुन्हा बांधायला सांगितलं. या वेळी गावांच्या रांगेत दोन डबे शेजारी शेजारी उभे राहिले. बुद्रुकच्या डब्यात जास्तीचं नाव नव्हतं. बाईंनी उत्तमरावांचा अर्ज पिशवीतून काढला, लाल पेनाने त्यातली टिंबं गोल केली आणि परत दिला. "घरी जाऊन शुद्ध लिहून काढ. द्यायचा नाही, नुसता लिहायचा."

सहा वाजले. समितीच्या पानावरची चक्री फिरली, थांबली, आणि सामन्यांची नावं वरून खाली उमटत गेली. राजनंदिनीने मोठ्याने वाचलं.

"पहिला सामना. पळसोंडी बुद्रुक विरुद्ध पळसोंडी खुर्द."

शेषराव खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "बाई, ती खु आमच्याच पोटात राहिली असती तर बरं झालं असतं."

उत्तमराव उत्तर द्यायला वळले तर दार रिकामं होतं. वैजनाथ चपला हातात घेऊन मुलींच्या मागे पळत होता. सूर्य ओढ्यापलीकडे उतरला होता, मैदानावर थोडाच उजेड उरला होता, आणि आरोहीने दिलेला पहिला खो दोन्ही गावांत ऐकू आला.